कर्ज फिटलं, पण स्कोअर ६३८ आणि महिनाअखेर हात रिकामाच (बेळगाव)

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे. राहायला वडगावात, भाड्याच्या दोन खोल्या.

२०२२ साली आईचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ गावची लक्ष्मीची यात्रा आली. आमच्याकडची यात्रा म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. कितीतरी वर्षांनी एकदा येते आणि आली की घर धुऊन नेते. ज्यांच्या ज्यांच्या यात्रेला आपण ताट पुसून जेवून आलो, त्या सगळ्यांना बोलवावं लागतं. पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, कारखान्यातली पोरं. मटण, मांडव, लेकी-सुनांना साड्या. पर्सनल लोन ३ लाख, क्रेडिट कार्ड, मोबाईलवरची दोन लोन अ‍ॅपं, मेहुण्याचे हातउसने ४० हजार आणि बायकोच्या पाटल्या गहाण.

यंदा मार्चमध्ये शेवटचा हप्ता गेला. पाटल्या घरी आल्या त्या दिवशी कुंदा आणला, आईनं देवापुढं ठेवला. वाटलं, सुटलो.

आता दोन प्रश्न. पहिला, स्कूटर घ्यायला शोरूमला गेलो तर फायनान्सच्या पोरानं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. क्रेडिट स्कोअर (म्हणजे कर्ज फेडण्यातली आपली पत) ६३८, आणि कार्डाच्या खात्यापुढं ‘सेटल्ड’. २०२३ मध्ये कार्डाचे ६१ हजार थकले होते. बँकेकडून फोन आला, “४२ भरा, विषय संपला.” भरले. पत्र इंग्रजीत होतं, सही केली. विषय संपला म्हणजे संपला असं मी समजलो.

दुसरा, महिन्याला १४,२०० हप्त्यात जायचे. ते बंद होऊन चार महिने झाले. मग ते पैसे गेले कुठं? बँकेत दोन-तीन हजारांवर काही राहत नाही. बायको म्हणते तुम्ही उडवताय, मी म्हणतो घरात लागतायत.

पासबुक_निवृत्त

आधी अभिनंदन. तीन वर्षांत एवढं फेडणं सोपं नाही. बँकेच्या काउंटरमागं जन्म गेला माझा, फेडणारे किती आणि पळणारे किती ते पाहिलंय.

बँकेच्या भाषेत ‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लोज्ड म्हणजे माणसानं पैसा न् पैसा दिला. सेटल्ड म्हणजे बँकेनं तुमच्या बाबतीत १९ हजारांवर पाणी सोडलं. बँक तुमच्यामागं लागणार नाही, पण पुढच्या बँकेला ते दिसत राहणार. फोनवर वसुली करणारा पोरगा हे सांगत नाही, कारण त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

लगेच पळत जाऊन १९ हजार भरू नका. आधी लेखी विचारा: “उरलेली रक्कम भरल्यास खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवणार काय आणि नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) देणार काय?” मेलवर ‘होय’ आलं, मगच भरा. पावती, नो ड्यूज आणि तो मेल, तिन्ही एका फाईलमध्ये. आधी भरून मग विचारलंत तर तुमच्या हातात काही उरत नाही.

आणि चारही ठिकाणचा रिपोर्ट काढा. लोकांना सिबिल तेवढं माहीत. पण ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर घटत नाही, ती खुळी समजूत आहे. घटतो तो शोरूममध्ये. एका स्कूटरीसाठी तो पोरगा चार फायनान्सला तुमचा पॅन टाकतो, आणि चारही चौकश्या तुमच्या नावावर चिकटतात. तेव्हा सध्या शोरूमची पायरी चढू नका.

येळ्ळूरची_लेक

रिपोर्ट काढलात की पहिलं नाव बघा. मग पत्ता. मग जन्मतारीख. आकडा सगळ्यात शेवटी.

आमच्या बाबांचं सांगते. नाव यल्लाप्पा. आधारवर ‘वाय’पासून, जुन्या पासबुकात ‘ई’पासून, मतदान कार्डावर एकच ‘एल’. कन्नडात लिहिलेलं इंग्रजीत आणताना ज्याला जसं सुचलं तसं. जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गालाच १ जून लावली होती. आता सांगा, तालुक्यात १ जूनचे यल्लाप्पा किती असतील?

बाबांच्या रिपोर्टात एक ट्रॅक्टर लोन निघालं, पावणेदोन लाख थकलेलं. आमच्याकडं ट्रॅक्टर कधी नव्हताच, बैलंसुद्धा काकांची. पॅन न जोडलेलं जुनं खातं नाव, तारीख आणि पत्त्यावरून बाबांच्या गळ्यात पडलेलं. पत्तासुद्धा एकीकडं ‘बेळगाव’, दुसरीकडं ‘बेळगावी’. २०१४ ला नाव बदललं तेव्हापासून निम्मी कागदं जुनी, निम्मी नवी.

ऑनलाईन तक्रार घातली, आधार-पॅन जोडलं. ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो त्यांना. नाही दिला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. आमचं २६ दिवसांत निघालं. (बाबा म्हणाले, आणखी थोडं थांबले असते तर कोंबडी आली असती.)

निपाणीकर_७१

हे सगळं वाचून हसू येतंय. आमच्या आजोबांनी तंबाखूच्या वखारीत हमाली करून घर बांधलं, त्यांना कोणी स्कोअर विचारला नाही. कर्जातून सुटलाय ना? मग परत कर्ज मिळावं म्हणून एवढी धडपड कशाला? ज्या विहिरीत पडला होता तिचंच पाणी गोड आहे का बघायलाय. रोखीनं घ्या, नसेल तर घेऊ नका. विषय खल्लास.

पासबुक_निवृत्त

निपाणीकर, तुमचं निम्मं पटतं. पण आजोबांना वखारीतला मालक नावानं ओळखत होता, आणि अडीनडीला त्याच ओळखीवर उचल मिळायची. तोच त्यांचा स्कोअर होता. आता ओळख कॉम्प्युटरनं ठेवलीय, एवढाच फरक. उद्या या माणसाच्या पोराला इंजिनिअरिंगला घालायचं झालं तर एज्युकेशन लोनच्या फॉर्मवर बापाची सही लागेल. त्या दिवशी ६३८ घेऊन उभं राहायचं काय?

रानवाट_खानापूर

एक गोष्ट कोणी बोलेना म्हणून लिहितो. जामीन.

आपल्याकडं गल्लीगल्लीत सोसायट्या, सौहार्द संस्था (कर्नाटकातल्या सहकारी पतसंस्था). कर्जाला दोन जामीनदार लागतात. पाहुणा घरी येतो, चहा पितो, फॉर्म पुढं करतो, आणि आपण “सहीच तर हाय” म्हणून करतो. पतसंस्थांची कर्जं सहसा सिबिलमध्ये दिसत नाहीत, म्हणून माणसाला वाटतं आपल्या नावावर काही नाही. माझंही रिपोर्टात सगळं स्वच्छ होतं. आणि चुलत भावानं हप्ते बुडवल्यावर संस्थेची नोटीस आली ती मला. कन्नडातली नोटीस, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. ८८ हजार मूळ आणि वर बड्डी, म्हणजे व्याज. भाऊ गोव्यात, फोन बंद. ऊसाच्या बिलातून भरले मी.

म्हणून उद्यमबागवाले, बँकेच्या रिपोर्टाबरोबर घरचा एक रिपोर्ट कागदावर काढा. कुठल्या संस्थेत कुणाला जामीन आहे, भिशीचे किती भरायचे राहिलेत, दुकानात उधारी किती, हातउसने कुणाचे. ही कर्जं कुठल्याच कॉम्प्युटरला दिसत नाहीत. बायकोला मात्र सगळी ठाऊक असतात.

उद्यमबागवाला

रानवाटभाऊ, बरोब्बर नस पकडलात. काल रात्री बायकोला घेऊन बसलो. तिची शिलाईची वही आहे, मागच्या पानांवर घरखर्च लिहिते. मला माहीतच नव्हतं.

माझा पगार हातात २८,५००. तिचे ब्लाऊज, फॉल-पिकोचे सरासरी ४,५००. झाले ३३ हजार.

भाडं ६,०००, किराणा-भाजी-गॅस ६,५००, दूध २,१००, पोरांची फी आणि रिक्षा १,८००, माझं पेट्रोल १,५००, आईची औषधं १,३००, दोघांचे मोबाईल ८००. बेरीज २० हजार. लाईट बिल सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य येतं.

म्हणजे १३ हजार उरायला पाहिजेत. वहीत मग जूनचं पान काढलं. त्यात नवीन मोबाईलचा हप्ता २,३०० (हो, शोरूमवाल्यानं ‘झिरो इंटरेस्ट’ म्हटलं आणि मी घेतला). भिशी २,०००. दोन लग्नांचे आहेर ३,१००. रविवारची बिर्याणी चार वेळा. पोराची सायकल. आणि “यांचे मित्र” असं लिहून पुढं १,४५०. त्याच्यापुढं काही नाही, नुसती एक रेघ.

मी गप बसलो.

सुईदोरा_शहापूर

त्या रेघेला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडंही तशी एक वही आहे.

दादा, हप्ता होता तेव्हा पगार आला की ५ तारखेला १४,२०० आपोआप जायचे. तुम्हाला कधी ठरवावं लागलं नाही. आता ते ठरवावं लागतंय आणि दर महिन्याला खर्च जिंकतोय. मग हप्ता बंदच करू नका की! फक्त घेणारा बदला. ५ तारखेलाच बँकेला सांगून ठेवा, इतके आरडीला (दर महिन्याच्या ठेवीला), इतके दुसऱ्या खात्याला. उरलेल्यात घर चालवा. तीन वर्षं चालवलंतच की नव्हं? तेव्हा तर हप्ता जाऊन १८,८०० उरायचे.

पण सगळे १४ हजार कोंबू नका. मी पहिल्यांदा तेच केलं आणि तिसऱ्या महिन्यात आरडी मोडली. तीन वर्षं उपाशी राहिलेल्या माणसानं पहिल्याच महिन्यात एकादशी धरू नये. आम्ही पोस्टात आरडी घातली ३ हजाराची. ती पाच वर्षांची असते, पहिली तीन वर्षं मोडता येत नाही, माझ्यासारखीला तेच बरं. एक वर्ष भरली की अडीनडीला तिच्यावर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. शिवाय पिग्मी रोज ५०. पिग्मीवाला काका दारात आला की चहा झाला तरी पैसे द्यावेच लागतात, लाजेनं बचत होते.

आणि यात्रेचा वेगळा डबा. आमच्याकडं खरोखरचा डबा आहे, बिस्किटाचा. लग्नाचे आहेर, बारसं, यात्रा, सगळं त्यातूनच. डबा रिकामा तर आहेर १०१. लोक काय म्हणतील? काही म्हणत नाहीत. आमच्या सासूबाईंनी दोन वर्षं १०१ दिले, जेवायला अजून बोलवतात.

गृहलक्ष्मी योजनेचे सरकारकडून येणारे २ हजार महिन्याच्या हिशोबात धरू नका. ते दर महिन्याला त्याच तारखेला येतातच असं नाही. आले की सरळ आईच्या औषधांच्या किंवा शाळेच्या बाजूला टाका.

रानवाट_खानापूर

पिग्मी, सोसायटीतली ठेव, हे करा, पण एक लक्षात असू दे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. संस्था कितीही ओळखीची असली आणि चेअरमन कितीही नमस्कार घालत असला तरी. सगळी अंडी तिथं ठेवू नका.

निपाणीकर_७१

हे मात्र पटलं.

कॅम्पातला_पोरगा

काका, स्कोअर वाढवायचा तर एफडीवरचं क्रेडिट कार्ड घ्या. २० हजाराची एफडी करा, तिच्यावर थोड्या कमी लिमिटचं कार्ड मिळतं. स्कोअर कमी असला तरी देतात, कारण पैसे त्यांच्याकडंच आहेत. माझा असाच वाढला.

उद्यमबागवाला

कार्ड? परत? बायको पाटल्यांनी मारेल.

पासबुक_निवृत्त

पोरगा चुकीचं सांगत नाही, पण अर्धं सांगतोय. कार्ड घ्यायचं ते पेट्रोलपुरतं. महिन्याला १,५०० टाकायचे, बिल आलं की ‘टोटल ड्यू’ पूर्ण भरायचं, तेही खात्यातून आपोआप कापून घ्यायला सांगून. ‘मिनिमम ड्यू’ हा शब्द बघितला की डोळे मिटा. मिनिमम भरून उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या पुढं. तुमचे ६१ हजार असेच झाले असणार, खरेदी एवढी नसेलच.

लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वापर नको. १८ हजार लिमिट असेल तर ५ हजारांच्या आत. आणि सहा महिन्यांत चमत्कार व्हायची वाट बघू नका. उशिरा भरलेल्या हप्त्यांचा ३६ महिन्यांचा तपशील रिपोर्टात असतो, तो एकेक महिन्यानं मागं सरकत जातो. आता बँकांना महिन्यातून किमान दोनदा माहिती कळवावी लागते, म्हणून नवीन चांगलं पूर्वीपेक्षा लवकर दिसतं. जुनं वाईट आपल्या गतीनंच जातं.

त्या मोबाईलच्या हप्त्याचं बघा. तो हप्ता नव्हे, कर्जच आहे, रिपोर्टात तसंच दिसतं. एक दिवस चुकला तर स्कूटरीला नडेल. जुनी लोन अ‍ॅपं नुसती मोबाईलमधून उडवून भागत नाही. खातं बंद झाल्याचं पत्र मागून घ्या. ‘पे लेटर’ची न वापरलेली लिमिटंही बंद करून टाका.

सोमवारची_बैठक

मी थोडं वेगळं विचारते. माझ्या नावावर बँकेचं काहीच नाही, पण बायकांच्या संघातून घेतलेली दोन मायक्रोफायनान्सची कर्जं होती. दर सोमवारी हप्ता. शेजारीण चुकली की आम्ही सगळ्यांनी मिळून भरायचं. आता दोन्ही फिटली. माझापण रिपोर्ट असतो काय?

पासबुक_निवृत्त

असतो ताई, आणि कधी कधी नवऱ्यापेक्षा चांगला. मायक्रोफायनान्सवाले चारही कंपन्यांना माहिती देतात, तुम्ही सीआरआयएफ हाय मार्कचा आधी बघा. दोन्ही खाती बंद दाखवतायत काय आणि शिल्लक शून्य आहे काय, तेवढं तपासा. मिटिंगमध्ये हप्त्याच्या कार्डावर मारलेल्या सह्या आणि रिपोर्ट यांत कधी कधी फरक पडतो.

पुन्हा घ्यायचं झालं तर एक आकडा ध्यानात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानं सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. देणारा विसरला तरी तुम्ही विसरू नका. आणि घरी येऊन कोणी दमदाटी केली तर पोलिसांत जाता येतं.

उद्यमबागवाला

(तीन महिन्यांनी)

मंडळी, काय झालं ते सांगतो.

बँकेला मेल टाकला. आठ दिवस काही नाही. शाखेत गेलो तर म्हणाले कार्डाचं आमच्याकडं नसतं. परत मेल. ३० दिवस झाले तेव्हा पासबुककाकांनी खासगीत सांगितल्याप्रमाणं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करणार असं त्याच मेलमध्ये एक ओळ लिहिली. तिसऱ्या दिवशी फोन आला, मराठीतून! १९ हजार भरा, क्लोज्ड करून देतो. म्हटलं, हेच लिहून द्या. दिलं. यंदाचा बोनस त्यात गेला. पोरांना फटाके कमी आणले, तक्रार नाही त्यांची.

काल रिपोर्ट काढला. कार्डापुढं ‘क्लोज्ड’. स्कोअर ६७१. सातशे नाही झाला, पण ती ओळ वाचताना बरं वाटलं.

५ तारखेला ५ हजार आरडीला जातात, २ हजार डब्यात. डबा आमचापण बिस्किटाचाच. मोबाईलचे हप्ते फेब्रुवारीत संपतील. भिशी उचलली, नवीन लावली नाही. महिनाअखेर चारेक हजार राहतात, कधी दोन. ‘यांचे मित्र’ ४०० वर आलंय. स्कूटर अजून घेतली नाही, ओळखीच्याची जुनी बघायलोय, रोखीनं. निपाणीकर खूश होतील.

निपाणीकर_७१

झालो. जुनी घेताना इंजिनचा आवाज गार असताना ऐका, गरम करून ठेवलेली घेऊ नका.

उद्यमबागवाला

एक नवीन लफडं उभं राहिलंय. चुलत्याचा मुलगा आलता. त्याच्या गावची यात्रा मे महिन्यात. सोसायटीतून ४ लाख काढायलाय, मला जामीन राहा म्हणतो. २०२२ ला माझ्या मांडवात रात्रभर राबलाय ओ तो. नाही कसं म्हणू?

रानवाट_खानापूर

पाया पडतो, सही करू नका.

सुईदोरा_शहापूर

डब्यातून दोन-तीन हजार द्या, सरळ हातात, परत न मागता. आणि यात्रेला चार दिवस आधी जाऊन मांडवात राबा. तो राबला होता, तुम्हीही राबा, फिटलं. सही वेगळी.

कॅम्पातला_पोरगा

काका, सरळ सांगा, “माझं बँकेत सेटल्ड दाखवतंय, माझी सही चालत नाही.”

उद्यमबागवाला

ते आता क्लोज्ड झालंय की ओ.

कॅम्पातला_पोरगा

त्याला कुठं माहीत आहे?